फवारणीनंतरची आंघोळ

औरंगाबाद,
३ ऑगस्ट १९८६

ती. दादास,
सरूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आमच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर फवारणीच्या विषावर आपल्या पालीत एक साधा इलाज तपासून पाहताहेत. निम्म्या माणसांनी फवारणी संपताच साबण लावून आंघोळ करायची, बाकीच्यांनी नेहमीसारखं राहायचं, आणि मग सगळ्यांचं रक्त तपासायचं. चिठ्ठ्या टाकल्या तर तुझं नाव आंघोळवाल्यांत निघालं! आईला तुला आंघोळीसाठी धरून आणावं लागायचं, हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

पाणी कुठलं, म्हणून तू ओरडणारच. टँकर इस्पितळच पाठवतंय, साबणही देतंय.

पारूवहिनीला जयभीम. बहिणीची आठवण ठेव.
तुझी सरस्वती

पाली,
१२ सप्टेंबर

चि. सरूस अनेक आशीर्वाद.

साबणाच्या वासानं म्हैस मला ओळखेना झालीय. चेष्टा सोड, इलाज लागू पडला. पूर्वी फवारून आलो की डोळ्यांपुढं अंधारी यायची, हात कापायचे. आता भाकरी गोड लागते. टँकरचं पाणी आपल्या दारात उतरतं, म्हणून सोसायटीचे आम्ही सगळे आंघोळवाले आपल्याच अंगणातल्या दगडावर आंघोळ करतो.

बिंदुसरा नदी पार आटली. पाणी वाहून गेलेलं पारूला बघवत नाही. तिनं दगडाखाली घमेलं लावलंय. त्याच पाण्यात आमचे कपडे धुते, त्यानंच घर सारवते. इतकं पाणी मातीत घालायचं कावून, असं तिचं म्हणणं. सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव तर तिचं कौतुक करून गेले.

तिचं डोकं मात्र लई दुखतंय. मळमळतं, तोंडाला सारखं पाणी सुटतं. उपाशीपोटी चहा पिते, त्यानं होत असेल. डॉक्टरांना विचारून एखादी गोळी धाड.

तब्येतीला जप, आमच्यावर माया असू दे.
तुझा दादा निवृत्ती

औरंगाबाद,
९ ऑक्टोबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

वहिनीचा जलदानविधी उरकून आले तेव्हापासून ड्यूटी करते, जेवते, झोपते. रडू येत नाही. तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी, घमेलं फेक आणि वहिनीला दवाखान्यात ने, अशी तार मी केली होती. ती गेल्याची तुझी तार तेव्हा वाटेत होती.

आंघोळवाल्यांचं रक्त चांगलं निघालं. डॉक्टर खूश होते. मग मी त्यांना घमेल्याचं सांगितलं. तुमच्या अंगावरचं विष रोज त्यात उतरत होतं आणि वहिनी त्यात हात घालत होती. तपासणी फक्त फवारणाऱ्यांची होती, घरातल्या बायकांचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता त्यांचीही होणार आहे, आणि त्या यादीच्या सुरुवातीला वहिनीचं नाव लिहायचंय. तिचं वय विचारलंय. मला सांगता आलं नाही. तू कळव.

वेळेवर जेवत जा. माझ्यावर रागावू नकोस.
तुझी सरस्वती

पाली,
२० ऑक्टोबर

चि. सरूस आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. असं लिहायची सवय, म्हणून लिहिलं.

फवारणी चालू आहे. मी जातो, येतो, आंघोळ करतो. घमेलं पुरून टाकलं. लोक येऊन बसतात, त्यांचं बोलणं कानावर पडतं, पण कळत काही नाही. तुझ्यावर कसला राग? कशाचंच काही वाटत नाही.

पारूचं वय मलाही ठाऊक नाही. तुझं पत्र वाचलं आणि तिलाच विचारावं म्हणून उठून चुलीपर्यंत गेलो.

जमेल तसं पत्र घालत जा.
तुझा दादा निवृत्ती