मास्कवर लागलेला पक

३ जानेवारी, शुक्रवार

पोचलो, मुलींच्या आईस हॉकी स्पर्धेला! तळं अख्खं गोठलंय. खोलीच्या खिडकीतून दिसतं — एका टोकाला कुणीतरी चौकोनभर बर्फ झाडून काढलाय, बाकी नुसतं पांढरं. बसमधून उतरल्यापासून पाय तिकडेच ओढ घेतायत. पण कोचने आधीच दम भरलाय, "तळ्यावर एक जरी मुलगी दिसली तर तिला थेट घरी धाडीन. घोटे मुरगळायला आणलेलं नाही तुम्हाला इथे."

खोलीत माझ्याबरोबर ब्रिन. मिनेसोटाची. अखंड बोलते. "कॉरिन बेनेडिक्ट! कॅनडाच्या गोलकीपरची बहीण ना तू? म्हणजे आमच्यातली हेर!" मी म्हटलं, मावसबहीण. "हात्तिच्या, सख्खी नाही होय!" आता हिला काय सांगू? आमच्याकडे मावशीची मुलगी म्हणजे बहीणच. विषय संपला.

या बहिणीचं, डेलचं, घर नदीतल्या बेटावर, आमचं दक्षिण काठावर. मधून अमेरिका-कॅनडाची सीमा जाते. आजी तिला सीमा म्हणतच नाही — "पाण्यावर मारलेली रेघ" म्हणते. डेल रेघेच्या पलीकडे जन्मली म्हणून ती कॅनडाची, मी अलीकडे म्हणून अमेरिकेची. आम्हा इथल्या मूळच्या मोहॉक लोकांना विचारून थोडीच मारली होती कुणी ती रेघ! स्केटिंग मात्र दोघी नदीच्या एकाच गोठलेल्या खाडीवर शिकलो, आजीच्या घरामागे. डेल तेव्हापासून गोलमध्ये. दोन बूट ठेवायचे, मध्ये डेल, आणि मी पकची काळी रबरी चकती तिच्यावर हाणायची.

आता तिच्यामागे खरी जाळी असेल. आणि समोर मी.

४ जानेवारी

नुसता सराव. रिंकवर सगळ्यांत आधी उतरले. नुकतंच पाणी मारून गुळगुळीत केलेला बर्फ. दिवे त्यात उलटे लटकलेले. वाटलं, खाली अजून एक रिंक आहे, आणि तिथेही मीच, पाय वर करून. किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

"बेनेडिक्ट! उभ्या उभ्या झोपलीस का?"

६ जानेवारी

कॅनडाशी मॅच. हरलो, ३–२.

आजी आणि मावशी आल्या होत्या. मावशीच्या अंगात कॅनडाचा लाल स्वेटर. आजीच्या अंगात तिचा नेहमीचा तपकिरी कोट. दर डावाला गोलकीपर बाजू बदलतात, तशी आजीही उठून दुसऱ्या टोकाला जायची, डेलच्या मागे काचेशी. मी विचारलं, तू नक्की कुणाकडून? म्हणाली, "गोलमागे बसलं की दोघी समोर दिसता. तू येतेस आणि ती अडवते. मला दुसरं काय बघायचंय?"

तिसऱ्या डावात तो फटका. पक उजवीकडून आला, मी थांबलेच नाही, आला तसा हाणला. इतका सरळ, इतका हलका गेला — स्टिकला लागल्याचं कळलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, सुंदर! आणि तो डेलच्या मास्कवर बसला. कपाळावर. घंटेसारखा आवाज झाला. डेल गुडघ्यांवर बसली, मग एका हातावर.

मी तिच्याकडे निघाले तर पंचाने अडवलं.

त्यांची डॉक्टर आत आली. काहीतरी विचारलं, बोटं दाखवली. डेल उठली, मास्क ठोकून नीट केला, अंगठा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिने माझे अजून दोन फटके अडवले.

मॅचनंतर हात मिळवताना म्हणाली, "काय गं, डोकं फोडायला निघाली होतीस का माझं?" आणि हसली.

थोड्या वेळाने बाहेर कॉरिडॉरमध्ये भेटली. "काय गं, डोकं फोडायला निघाली होतीस का माझं?" तेच शब्द. हसणंही तेच.

मी दोन्ही वेळा हसले.

७ जानेवारी

सुट्टी. आजीच्या मोटेलवर जेवलो. आजीने घरून मक्याचं सूप आणलेलं, तिचं ते डुकराचं खारं मांस घातलेलं, आणि तळलेली रोटी. मी तीन वाट्या हाणल्या. डेलने एकच घेतली आणि चमचा फिरवत बसली. टोपी पार डोळ्यांवर ओढलेली.

मावशी म्हणाली, "जेवताना तरी काढ ती टोपी! जन्मली तेव्हा केस होते तुला, मी पाहिलेत."

"दिवा डोळ्यात जातोय आई."

दिवा लावलेलाच नव्हता.

मग आम्ही दोघी तळ्याच्या कडेने चाललो. धुकं खाली आलेलं, झाडं अर्धीच दिसत होती. पायांखाली कुरकुर, बाकी कसलाच आवाज नाही. असं वाटत होतं की आम्ही लहान आहोत आणि कुणी शोधायला येणार नाही. खूप छान वाटत होतं! तेवढ्यात ती म्हणाली,

"कोरी, मला पक पाण्याखालून आल्यासारखा दिसतो. हळूहळू. मोठा होत होत. कधीकधी दोन."

मी थांबले.

"तुझ्या फटक्यापासून. अगं, वाईट नाहीये ते! मजा येते. सगळं कापसातून ऐकू येतं. पण सकाळी उलटी झाली."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? तीन कॉलेजांचे कोच फक्त मला टीमसाठी बघायला आलेत. तेरवा फायनल असेल, मग हवं तर आठवडा झोपून काढीन. शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

"आजीची?"

"आजीची नको. नदीची घे."

घेतली. धुक्यात तिचा चेहरा नीट दिसतच नव्हता.

८ जानेवारी

दोन्ही सेमीफायनल. आमची सकाळी, स्वीडनला हरवलं. माझा एक गोल.

दुपारी कॅनडा आणि फिनलंड. मी वर आजीशेजारी बसले. डेलने एकही गोल होऊ दिला नाही. एकही! ती हलते तेव्हा असं वाटतं की पक तिला विचारून येतो. सगळी रिंक तिचं पूर्ण नाव घेत होती. ओ-डेल! ओ-डेल! मावशी रडत होती.

पण दुसरा डाव सुरू व्हायच्या आधी ती भलत्याच गोलकडे गेली. फिनलंडची गोलकीपर तिथे आधीच उभी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग डेलने कपाळावर हात मारला, लोकांकडे बघून वाकून सलाम केला, आणि हसत आपल्या जागी गेली. अख्खी रिंक हसली.

आजी हसली नाही. माझ्याकडे वळली आणि बघत राहिली. मी खिशात रुमाल शोधायला लागले.

९ जानेवारी

उद्या फायनल. आम्ही आणि ते.

ब्रिन सकाळपासून कॅनडाच्या दुसऱ्या गोलकीपरबद्दल बोलतेय. "डाव्या हाताला खाली टाकला की गेलाच! ती असती तर उद्या झोपेत जिंकलो असतो. पण तुझी बाई नशीब घेऊन आलीय, तिला साधी सर्दीही होत नाही."

मी आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि टबच्या काठावर बसून राहिले.

सांगितलं तर? फटका माझा. फायदा माझ्या टीमचा. शपथ मोडणारी मी. लोक म्हणतील, ठरवून केलं. डेलही म्हणेल. आणि न सांगितलं तर उद्या मलाच पुन्हा तिच्यावर हाणायचाय. कोच म्हणाली आहे, "तिच्यासमोर गर्दी करा. तिला दिसू देऊ नका."

तिला दिसतच नाहीये!

दुपारी डोळा लागला. स्वप्नात खाडी. काचेसारखा बर्फ, आणि त्याखाली डेल, पाठीवर पडून, केस पसरलेले, मजेत. मी वरून स्केटिंग करतेय आणि ती खालून माझ्याबरोबर सरकतेय. तिचं तोंड हलत होतं. इतकं शांत, इतकं निळं होतं ते सगळं की मला थांबावंसंच वाटेना. मग लक्षात आलं की ती तेच तेच बोलतेय.

उठले. बूट चढवले, नाड्यासुद्धा बांधल्या नाहीत.

कॅनडाची डॉक्टर, फूर्निए बाई, रिंकच्या मागच्या खोलीत पट्ट्या मोजत होती. मी दारात उभी राहून सगळं एका दमात बोलून टाकलं. उलटी, दिवा, दोन पक, भलता गोल.

ती माझ्या जॅकेटकडे बघत होती. "तू अमेरिकेची. आणि मला सांगतेयस की उद्या आमच्या गोलकीपरला बसवा."

"हो."

"आणि तपासल्यावर तिला काही झालेलंच नाही असं निघालं तर?"

"तर फार बरं होईल."

तिने पट्ट्या बाजूला सारल्या. मग खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"कुणी सांगितलं ते मी तिला कळू देणार नाही," ती म्हणाली.

"नको. माझं नाव सांगा. नाहीतर ती मावशीवर संशय घेईल."

बाहेर आले तर बर्फ पडायला लागला होता. मोठे मोठे पुंजके, अगदी सावकाश. मी तोंड वर करून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

१० जानेवारी

जिंकलो. ४–१.

डेल त्यांच्या बाकावर, ट्रॅकसूटमध्ये, टोपी डोळ्यांवर. एकदाही मान वर केली नाही.

तिसरा गोल माझा. डाव्या हाताला, खाली. आनंद झाला! खोटं कशाला लिहू? एक श्वासभर मी कुणाचीच बहीण नव्हते. मग सगळ्या अंगावर येऊन पडल्या, आणि त्या ढिगाखाली, अंधारात, मला एकदम घरी जावंसं वाटलं.

शेवटी हात मिळवायला त्यांची रांग आली. डेलही आली. ब्रिनचा हात हातात घेतला, म्हणाली, छान खेळलीस. माझ्यासमोर आली आणि हात खिशात घातला. पुढे गेली.

मावशी पार्किंगमध्ये भेटली. "मला का नाही सांगितलंस? आई ना मी तिची? परक्या बाईला जाऊन सांगितलंस?"

 

आजीने माझ्या गळ्यातलं पदक हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि जॅकेटच्या आत सारलं. "थंडी लागेल त्याला," म्हणाली.

१९ जानेवारी

घरी. पेट्रोल पंपावर काउंटरवरचा म्हातारा लिरॉय — "सोनं आणलंस म्हणे! कितीला पडलं? एक बहीण?" पाठीमागे दोघे हसले. कॉफी तिथेच ठेवून आले.

आजीला सांगितलं. "लिरॉयला एकदा नदीतून बाहेर काढलं होतं मी," ती म्हणाली. "तेव्हाही तो बडबडतच होता."

८ फेब्रुवारी

डेल अजून शाळेत जात नाही. मावशी फोनवर आईला सांगत होती — खोलीत पडदे ओढून पडलेली असते, फोन बघता येत नाही, दोन ओळी वाचल्या की डोकं उठतं. डॉक्टर म्हणाले स्केट्सचं नावही काढायचं नाही. त्या तीन कोचपैकी एकाने चौकशीचा फोन केला. एकानेच.

आजीचं सूप घेऊन पूल ओलांडून गेले. तपासणी चौकीवरच्याने विचारलं, कुठे निघालीस? म्हटलं, बहिणीकडे. मावशीने दार उघडलं, डबा घेतला, माझा गाल थोपटला. म्हणजे तिचा राग गेला. आतून डेलचा आवाज आला, "कोण आहे?" मावशीने माझं नाव सांगितलं. मग आतलं दार लागलं.

२ मार्च

आमच्या काठावरून तिची खिडकी दिसते. मधे नदी, अजून गोठलेली, मऊ करडी. आज पडदा उघडा होता. मी हात हलवला. इतक्या लांबून काय दिसणार! तरी बराच वेळ हलवत राहिले. मजा वाटत होती.

२३ मार्च

डेल आली. एकटी, पूल ओलांडून चालत. कडेला बर्फ फुटून वाहायला लागलाय, तो बघत दारातच उभी राहिली. मी म्हटलं, डेल, मी शपथ मोडली.

"राग खराच होता," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. पण कोरी, सांगायचंच नसतं तर तुला तरी कशाला सांगितलं असतं मी?"