ह्यांच्या नावाची घागर

तीर्थरूप रत्नम्मा अक्का हिस पार्वतम्माचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? अहमदपूरला नळाला पाणी येत असेल तर कळवू नकोस, इथे पत्र सगळे गाव वाचून घेते.

लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून साहेब लोक जवळ आले, पाऊस मात्र नाही. सोमवारी एक साहेब समतेचा प्रचार करायला आले. मला वाचता येते म्हणून (भांड्यांवरची नावे लावत शिकले, हे सांगितले नाही) चार पानी भाषण माझ्या हाती दिले. मी सुरुवात केली आणि टँकर आला. बायकांनी नेहमीसारख्या दोन रांगा लावल्या, गावाची पुढे, दलित वस्तीची मागे. मागच्या रांगेपर्यंत पाणी क्वचितच पोचते. रांगेत बाई उभी नसते, घागर असते, आणि कोणती कोणाची हे सगळ्यांना पाठ.

वस्तीतल्या सरजाबाईची घागर फुटलेली, घरात लेक बाळंतीण. म्हणून मी तिला ह्यांचे नाव कोरलेली घागर दिली होती. ती मागच्या रांगेत ठेवून सरजाबाई लेकीला बघायला गेली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली केवळाबाई ओरडली, "मलप्पाची घागर हितं कुनी ठिवली गं? मेलेल्या मानसाची तरी अब्रू ठिवा!" आणि स्वतःच्या हाताने उचलून आपल्या घागरीला खेटून ठेवली. दोन्ही भरल्या. मग सरजाबाईने येऊन ती डोक्यावर घेतली.

"तुझी हाय व्हय ही?"

"घागर पारवतम्माची, पानी माझं. पुढं तुमीच ठिवली की, बाई."

विटाळ झाला म्हणावे, तर केवळाबाईला आपलीही घागर ओतावी लागली असती. टँकर परत चार दिवसांनी. तिने दोन्ही घागरींकडे पाहिले, आपली उचलली आणि घरी गेली. मी तेव्हा तिसऱ्या पानावर होते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

ह्यांना जाऊन तीन वर्षे झाली. जिवंतपणी कधी कुणाच्या मध्ये पडले नाहीत. आता नाव पडते आहे.

थोरांना नमस्कार, लेकरांना गालगुच्चा.

तुझी पार्वतम्मा

ता. क. केवळाबाईनेच ठेवली, म्हणून ह्यांच्या नावाची जागा पुढच्या रांगेत पक्की झाली आहे. तिला आता नाही म्हणता येत नाही. तुझ्या लेकीच्या लग्नात ह्यांनी तुला आहेर केलेल्या, त्यांचे नाव घातलेल्या दोन घागरी चाकूरच्या एस.टी.त ठेव. वस्तीतली दोन घरे वाट बघत आहेत. पत्र खरे तर त्यासाठीच.

आणखी एक. आठवण म्हणून एखादी ठेवावीशी वाटली तर ठेव. माझी सरजाबाईकडेच आहे. ती रोज संध्याकाळी तिच्यातले तांब्याभर पाणी आणून देते आणि मी पिते. एवढे मोठ्याने वाचू नकोस.