पाहुण्या पोरीला बसलेला धपाटा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यापेक्षा मीच वयानं मोठी झाले आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही. स्वभाव मात्र तू सोडून गेलीस तसाच आहे, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आज दुपारची जेवणं उरकली, हे उसाला पाणी द्यायला शेतावर गेले आणि मी नेवाशाच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कागद घेऊन बसले. हो, आता आमच्या स्वयंपाकघरात टेबल आहे. तू आली असतीस तर त्याच्याकडे एकदा बघून खाली पाट ओढून बसली असतीस, हेही मला ठाऊक आहे. सांगायचं असं की तुझी नात परदेशात आहे, एका परक्या बाईच्या घरी राहते आणि त्या बाईनं माझी झोप उडवली आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तू हसलीस तरी चालेल.

या नातीला तू पाहिलं नाहीस. कॉलेज संपवून ती जर्मनीला गेली आहे, एका वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करायला. म्हाताऱ्यांना भरवायचं, फिरायला न्यायचं, त्यांच्याशी पत्ते खेळायचे. राहायला एका नवरा-बायकोचं घर मिळालं आहे, त्यांची मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली आहेत. ती निघाली तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "म्हातारी मानसं सांभाळायला इतक्या लांब कशाला? आपल्याकडं काय कमी हायेत व्हय?" माझ्या मनात एकदम लहानपणी आपल्या घरी राहिलेली ती पाहुणी आली. गावानं तुलाही असंच विचारलं होतं, की पोरांची वजनं घ्यायला सातासमुद्रापलीकडून पोरगी कशाला आणायची.

देवळाली प्रवराच्या त्या घरात ती आली तेव्हा मी सातवीत होते. तिकडे स्वीडनहून आलेली, विशीतली, उंच, उन्हानं नाक सोललेलं. संस्थेच्या दवाखान्यात तिला वर्षभर काम करायचं होतं. वाड्या-वस्त्यांवर जायचं, लिंबाच्या फांदीला काटा टांगून पोरांची वजनं घ्यायची. दवाखान्याच्या डॉक्टरांनी नानांना गळ घातली, कारण नाना साखर कारखान्यात नोकरीला, आणि आपल्या घरी पक्का संडास होता. तू लगेच हो म्हणालीस आणि मग चार दिवस भिंती घासत होतीस. माझी खोली तिला गेली. म्हणजे खोलीत मीही होते, पण खाटेवर ती आणि खाली मी.

तिची तू काय बडदास्त ठेवलीस, आई! आम्हाला बाजरीची भाकरी, तिला तूप लावून गव्हाची चपाती. कपाटातला फुलाफुलांचा कप फक्त तिच्यासाठी. तिनं ताट उचललं की तू धावायचीस, "तुमी ऱ्हाऊ द्या वो ताई, तुमी बसा." तुझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरीला तू अहो-जाहो करायचीस. झाडू तिच्या हातातून काढून घ्यायचीस, विहिरीवर जाऊ द्यायची नाहीस. पाहुण्याला काम लावायचं म्हणजे घराची लाज गेली, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि माझ्यावर मात्र दिवसभर तोफ चालू: पसारा का केलास, केस का मोकळे सोडलेस, पाण्याचा हंडा अजून भरला का नाही. ती हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून बघायची. मला तेव्हा वाटायचं, हिला मजा वाटत असेल.

एकदा खोलीत तिनं मला विचारलं. मराठी तोडकंमोडकं होतं, पण प्रश्न सरळ होता. "आई तुला ओरडते. मला ओरडत नाही. मी आवडत नाही का तिला?" मी म्हटलं, "तू नशीबवान आहेस." ती हसली नाही. खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली की घरी तिची आईही तिला खूप ओरडते, इथं मात्र सगळे तिच्याशी दवाखान्यातल्या पेशंटसारखं हळू बोलतात. मी हे तेव्हा तुला सांगितलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार?

मग तो विरजणाचा दिवस आला. तू मळ्यात खुरपायला गेली होतीस, नाना ड्युटीवर. पाहुणी दवाखान्यातून लवकर आली, घरात कुणी नाही असं बघून तिनं एकदाचं पोटभर काम करून घेतलं. भांडी घासली, ओटा धुतला आणि फडताळातलं ते छोटं गाडगं काढलं, ज्याच्या तळाशी चमचाभर आंबट दही होतं. तिला वाटलं, नासलंय. फेकून दिलं आणि गाडगं राखेनं असं लखलखीत घासलं की विचारू नको. तू आलीस तेव्हा दिवे लागले होते. दूध तापवून कोमट केलंस, गाडगं हातात घेतलंस आणि आत बघितलंस. आता मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसतं आहे. तू वळतेस, ती पुढे येऊन अभिमानानं म्हणते, "मी केलं, स्वच्छ!" आणि तुझा हात तिच्या पाठीवर पडतो. चांगला सणसणीत धपाटा, माझ्या पाठीवर पडायचा तस्सा.

"आगं भवाने, विरजन हुतं ते! आता दिवं लागल्यावर कोन देईल मला विरजन? डोळं कुठं गेल्तं तुजं?"

खरंच कोण देणार होतं? दिवेलागणीनंतर आपल्याकडे कुणी कुणाला दही-दूध देत नाही, घरातली लक्ष्मी जाते म्हणून. म्हणजे दूध वाया, नानांना सकाळी ताक नाही आणि शेजारणीकडे तोंड वेंगाडायचीही सोय नाही. पण ते शब्द तोंडातून गेले आणि तुझ्या लक्षात आलं की आपण कुणाला मारलं. तू मटकन खाली बसलीस. पदर तोंडावर घेऊन म्हणालीस, "परक्याच्या लेकीवर हात टाकला गं मी." मी दारातून बघत होते. पाहुणीचे डोळे भरले, आता ही बॅग भरणार असं मला वाटलं, आणि ती एकदम हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. तुझ्याशेजारी खाली बसली, तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिला रोज. मला आज पहिला." तुला आधी कळलंच नाही. मग मी तिचा तो खाटेवरचा प्रश्न सांगितला. तू पदरानं तिचे डोळे पुसलेस.

दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात भाकरी आली. फुलांचा कप कपाटात गेला. "ए बाय, ऊठ, सडा टाक," असं तू तिला सकाळी हाक मारून उठवलंस आणि ती केस बांधत धावत अंगणात गेली. त्यानंतर उरलेले महिने तुझी तोफ आम्हा दोघींवर सारखी चालली. वेड्यावाकड्या भाकरी थापल्या की तिला, खरकटं तसंच ठेवलं की मला. तिची पहिली गोल भाकरी तू नानांना दाखवायला बाहेर नेलीस. माझी कधी नेली नव्हतीस, हे मी आजही विसरलेले नाही. मला तिचा हेवा वाटायचा, भयंकर वाटायचा. एकुलती एक होते मी, आणि माझ्या वाटणीची आई अर्धी झाली होती.

पण तुला आणखी एक खोड होती, जी मला तेव्हा कळायची नाही. तिच्या घरून पत्र आलं की तू हातातलं काम टाकून विचारायचीस, "तिची आई कशी हाय? पोरीबिगर करमतं का तिला?" ती निघाली तेव्हा कुरडया, शेवया, चोळीचा खण आणि नारळ असं सगळं तू एका पिशवीत बांधलंस. तिची ओटी आदल्या दिवशीच भरून झाली होती, म्हणून मी विचारलं, हे कुणाला? तू म्हणालीस, "तिच्या आईला. वरीसभर लेक दिली तिनं आपल्याला. रिकाम्या हातानं कशी परत करायची?" मला वाटलं, आईचं काहीतरीच. त्या बाईला चोळीचा खण काय कामाचा?

आता मी ती बाई झाले आहे.

मागच्या आठवड्यात तुझ्या नातीचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "आई, काल रात्री मला घरी असली झापली ना!" झालं होतं असं की वृद्धाश्रमातून मैत्रिणींबरोबर गावात गेली, शेवटची बस चुकली, फोनची बॅटरी संपली. चालत घरी आली तर ती बाई रस्त्याच्या कोपऱ्यावर थंडीत वाट बघत उभी. तिथंच मोठ्यानं ओरडली म्हणे, मग हाताला धरून घरात नेलं आणि गरम सूप पुढ्यात ठेवून पुन्हा ओरडली. तुझी नात हे मला कौतुकानं सांगत होती. आणि माझी काय तळपायाची आग मस्तकात गेली! फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, "माझ्या पोरीला झापणारी ती कोण?" हे म्हणाले, "अगं, तू तर रोज झापायचीस." "मी आई आहे तिची!" असं मी इतक्या जोरात म्हटलं की हे चप्पल घालून बाहेर गेले.

रागावली म्हणून माझा राग नव्हता, हे तुला सांगायची गरज नाही. कोपऱ्यावर थंडीत कोण उभं होतं, त्याचा होता. मी इथं गाढ झोपले होते आणि माझ्या लेकीची वाट दुसरीच बाई बघत होती. तुझा तो खण घेऊन स्वीडनमधली ती आई काय म्हणाली असेल, हे मला आयुष्यात पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

काल रविवारी व्हिडिओ कॉलवर ती बाई स्वतः आली. गोरी, जाडसर, हातात पुसायचं फडकं. मी ओठ आवळून बसले होते. तिनं नमस्कार केला आणि लगेच तक्रार सुरू केली. तुझी नात मध्ये बसून भाषांतर करत होती आणि लाल होत होती. "त्या विचारतात, ही ओला टॉवेल गादीवर टाकते, घरीही टाकायची का?" मी म्हटलं, "सांग, लहानपणापासून टाकते." "चहाचे कप खोलीत ठेवते, चार-चार दिवस." "खरं सांगतेस ना सगळं? काही गाळू नकोस." ती बाई काहीतरी म्हणाली आणि कपाळावर हात मारला, मीही मारला. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बाहेरून बघायला आले. आई, मला ती आवडली. तुला तर पहिल्याच दिवशी आवडली असती.

हसणं थांबल्यावर तुझी नात हळूच म्हणाली, "आई, वृद्धाश्रमवाले अजून एक वर्ष थांबतेस का विचारतायत. ह्यांच्याच घरी राहायचं. थांबू का?" ती बाई हातातल्या फडक्याची घडी घालत होती. मी एक क्षणही लावला नाही. म्हटलं, "थांब की. चांगली माणसं आहेत." तुझी नात ओरडली, त्या बाईच्या गळ्यात पडली आणि फोन आडवा होऊन मला नुसतं छत दिसत राहिलं. घरात सगळे म्हणतात, किती मोठं मन. ह्यांनीही पाठ थोपटली.

तुला म्हणून सांगते. मी हो म्हटलं ते पोरीनं "नको, मी घरीच येते" म्हणावं म्हणून.