मर्सीने खूण केलेले चोवीस शब्द

मी, जेबेझ थीकर, वय वर्षे शहात्तर, धंदा मासेमारी, राहणार स्कार्थ बे, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मनाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे; त्यात बरेच गोड लिहिले होते.

१. माझा पुतण्या रूबेन थीकर याने या पत्राची अंमलबजावणी करावी. होडी, जाळी आणि खेकड्यांचे पिंजरे त्याला द्यावेत. होडीच्या तळाला डाव्या बाजूने पाणी येते, हे मी त्याला आधी सांगितलेले नाही.

२. चॅपेलात मी एकोणचाळीस वर्षे प्रवचने केली. त्यांच्या वह्या जिन्याखालच्या पेटीत आहेत. त्या न वाचता जाळाव्यात.

३. ऍमॉस काउलिंगला काही देऊ नये, असे मी वीस वर्षे ठरवून होतो. माझी शिडी नेऊन त्याने परत केली नाही, आणि मागितली तेव्हा भर बाजारात म्हणाला, “जा रे, ढोंग्या! देवाला फसवतोस, मला काय शिकवतोस?” त्याला काहीच ठाऊक नव्हते. तरी गावात खरे बोललेला तो एकटाच. भिंतीवरचे वायुभारमापक त्याला द्यावे.

४. कपाटात तेहेतीस लोकरी स्वेटर आहेत. ते जीवरक्षक नौकेच्या लोकांना वाटावेत. त्यातला एकही माझ्या अंगावर घालून मला पुरू नये. ते आयझॅक व्हेरिलची बायको डॉर्कस हिने विणलेले आहेत, दर नाताळला एक. ते का, हे पुढे येते.

५. हे कलम मालमत्तेचे नाही.

सहा एप्रिल १९२४, रविवार. रविवारी समुद्रावर जाणे पाप, असे मी चॅपेलात वर्षानुवर्षे सांगत होतो. आयझॅक एकदा गेला होता तेव्हा मी त्याला सर्वांसमोर उभे करून क्षमा मागायला लावली होती. आणि मी स्वतः दर रविवारी पहाटे, भूशिराच्या पलीकडे कड्याखाली असलेल्या कोनाड्यासारख्या खाडीतून, लहान होडी घेऊन पिंजरे उचलत असे.

त्या सकाळी वारा फिरणार होता. आयझॅकचे पिंजरे वाहून गेले असते, म्हणून लाज सोडून तोही निघाला. भूशिराच्या तोंडाशी त्याची होडी उलटली. मी वळणावरून आलो तो समोर उलटी होडी, आणि तिच्या पाठीवर पोट टेकून आयझॅक. अंतर दोनशे हात. त्याने मला पाहिले, हात वर केला. “जेबेझ! अरे जेबेझ!” त्याच्या आवाजात भीती नव्हती, सुटकाच होती. मला ते विसरता येत नाही.

त्याला घेऊन बंदरात शिरलो असतो तर सारा गाव धक्क्यावर होता; रविवारी मीही समुद्रावर होतो हे सर्वांना दिसले असते.

मी स्वतःला सांगितले, लाटा मोठ्या आहेत, माझी होडी टिकायची नाही. लाटा तेवढ्या नव्हत्या. मी होडी वळवली, कोनाड्यात लावली, कडा चढून धावत आलो आणि चॅपेलची घंटा वाजवली. म्हणालो, मी कड्यावर प्रार्थना करत होतो, तिथून दिसले. जीवरक्षक नौका पोचेपर्यंत पाऊण तास झाला. आयझॅक तिसऱ्या दिवशी सापडला.

अंत्यविधीचे प्रवचन मीच केले. रडलोही. अश्रू खरे होते, आणि तेच मला सर्वांत जास्त छळते. डॉर्कसने माझे दोन्ही हात धरले. “घंटा तुम्ही वाजवलीत, जेबेझभाऊ. तुम्ही होतात म्हणून त्याच्यासाठी कुणी धावलं तरी.”

तेव्हापासून प्रवचनाला उभा राहिलो की शेवटच्या बाकाशी कोणीतरी हात वर करून उभे असे. प्रश्न विचारायचा असावा तसे. मी तिकडे न बघता बोलायला शिकलो.

६. माझी बायको मर्सी लग्नाआधी शाळेत शिकवीत असे. तिचा मोठा शब्दकोश आयझॅकची मुलगी सेलिना हिला द्यावा.

त्या रविवारी मर्सीने माझे बूट पाहिले. खारे पाणी, वर आमिषाचा वास. तिने ते चुलीपाशी वाळत घातले. पुढच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी, मटण वाढून झाल्यावर, तिने शब्दकोश टेबलावर ठेवला. “‘हंबग’ बघू या. रविवारच्या शाळेत पोरांना वाटतोस ना, ती पेपरमिंटची गोळी. पण याला आणखी एक अर्थ आहे, जेबेझ. वाच.” मी वाचले: लबाडी, आव आणणारा माणूस. तिने खाली पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी वर्ष लिहिले.

मग दर वर्षी एक. ‘अंक्चुअस’, म्हणजे बोलण्याला तेल लावलेला. ‘मीली-माउथ्ड’, तोंडात पीठ धरल्यासारखे गुळमुळीत बोलणारा. ‘कँट’, भिकाऱ्याच्या रडगाण्यासारखे भक्तीचे बोलणे. ‘हिपोक्रिट’ तिने दहाव्या वर्षी काढला. “ग्रीकांकडे याचा अर्थ नुसता नट होता,” ती म्हणाली. “त्यांचे नट बरे. खेळ संपला की घरी जायचे.” आपल्या भाषेत या एका दोषाला इतके शब्द आहेत हे मला ठाऊक नव्हते. आणि प्रत्येक अंगाला बसत होता.

१९४९ च्या एप्रिलात ती अंथरुणावर होती. शब्दकोश मागवला, बराच वेळ पाने उलटली, मग मिटला. “संपले शब्द. आता तू बोल.”

मी म्हणालो, “चहा आणू का?”

मे महिन्यात ती गेली.

७. राहते घर आणि बँकेतील शिल्लक सेलिना व्हेरिल हिला द्यावी. माझ्या अंत्यविधीच्या वेळी रूबेनने कलम पाच चॅपेलात मोठ्याने वाचावे.

८. हे कलम आज वाढवले आहे. काल गुरुवारी सेलिनाला बोलावून वरील सर्व वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर तिने कोट चढवला.

“आई गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हा सुचलं तुम्हाला, काका?”

“तिच्यासमोर धीर झाला नाही.”

“आणि आता गावासमोर होत नाही, म्हणून रूबेनने वाचायचं. तुम्ही आरामात शवपेटीत. लोकांची तोंडं बघायची ती मी.” दारात थांबून ती म्हणाली, “घराचं नंतर बघू. रविवारी मी पुढच्या बाकावर बसणार आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

सबब कलम सातमधील वाचनाची अट रद्द. ते काम कोणावरही सोपवलेले नाही. रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता मी स्वतः वाचीन.

सही: जेबेझ थीकर
जेबेझ थीकर
स्कार्थ बे, शुक्रवार, १० ऑक्टोबर १९५८

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत थीकर यांनी सही केली. पहिली सही पुसट आली, म्हणून खाली पुन्हा केली, दोन्ही त्यांच्याच.

साक्षीदार: विल्फ्रेड स्टोर, दोरखंडाचे दुकान
साक्षीदार: ग्रेस अंथँक, परिचारिका