ती अजून सात वर्षांची आहे

आई,

तू गेलीस तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होतीस. मी आता पंचावन्नची आहे, म्हणजे तुझ्याहून मोठी. पण हे झालं माझं वय. माझ्या आत आणखी काहीजणी आहेत आणि प्रत्येकीचं वय निराळं आहे. डॉक्टरीणबाई त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. तुला साधं सांगते. तू पिरंगुटला कारखान्यात असायचीस तेव्हा आपल्या घरात जे घडायचं, ते एका पोरीला सोसण्याजोगं नव्हतं, म्हणून मी वाटली गेले. एक थोरली आहे, ती पहिल्यापासून म्हातारीच. आणि एक धाकटी, सात वर्षांची, ती सातावरच थांबली.

पौडच्या बाजारात घेतलेला पिवळा फ्रॉक तुला आठवतो? बाह्या कोपराखाली, घेर घोट्यापर्यंत. दुकानदार म्हणाला, "वैनी, ह्यात दोन पोरी मावतील." तू म्हणालीस, "मावू द्या. एक आत्ताची, एक पुढल्या सालची." मला तो पुढे नीट बसला, मग तोकडाही झाला. धाकटीला मात्र अजून मोठाच होतो. ती येते तेव्हा माझे शिरा आलेले हात बघून दचकते. चष्मा काढून ठेवते, अंधुक दिसलं तरी. खुर्चीत बसलं की पाय जमिनीला टेकतात, याचं तिला दरवेळी नवल वाटतं.

तू गेलीस हे तिला माहीत नाही. तिच्या लेखी तू कामावर गेली आहेस, आणि तू आलीस की घरातलं ते सगळं थांबणार आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई नको, पण सांगायला हवं. वाट बघत बघत ती अजून त्याच घरात अडकली आहे. थोरली आतून करवादते, "सांगून टाक की. किती दिस फशिवणार हाईस लेकराला?"

म्हणून गेल्या आठवड्यात मी आपल्या फाट्यावर गेले. सांगायचंच, असं ठरवून. संध्याकाळी पिरंगुटची बस थांबते, कामावरच्या बायका उतरतात. धाकटी कधी पुढे आली, कळलं नाही. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. डब्याची पिशवी घेतलेली एक बाई थबकली. "मावशी, कुणाची वाट बघताय?"

"आईची."

बाईची नजर माझ्या पांढऱ्या केसांवर गेली. ती हसली नाही. "येतील, येतील. पिरंगुटात लई गाड्या अडकल्यात आज. मागल्या बसला असतील. हितं बाकावर बसा तोवर."

धाकटी बसली. पट्ट्यावरचे हात सैल झाले. मागची बस आली, तीही रिकामी होऊन पुढे गेली. सांगायचं ठरवलेलं मी तिला सांगितलं नाही.

हे पत्र कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणार आहे. तिथे आपला हात पोचत नाही असं ती समजते. थोरलीला सांगितलं, लेकरू दमलं होतं, पुढच्या वेळी सांगू. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. दमली नव्हती ती. ती वाट बघते तेवढा वेळ तू यायची असतेस, आई, आणि मला त्या बाकावरून उठवेना.