पंगतीआधीची गोळी

४ मे २००३, मूल (जि. चंद्रपूर)
आज पुन्हा लग्न. पंगतीला बसण्याआधी नेहमीप्रमाणे जंतू मारायची एक गोळी, सिप्रो, घेतली. लोक नुसते मठ्ठा ढोसतात आणि सकाळी पोट धरून माझ्या मेडिकलसमोर उभे. अडाणी. प्रत्येकाला दोन गोळ्या देऊन वाटेला लावतो. कोर्स वगैरे डॉक्टरांची दुकानदारी.

११ मे
खुशबू चंद्रपूरहून सुट्टीवर आली. मायक्रोबायॉलॉजी शिकते. फी बापाची, उपदेशही बापालाच. म्हणे, बाबा, काऊन खाता उगीच? गोळीनं पोटातले साधे जंतू मरतात, चिवट उरतात. शिवाय औषध पचवायची युक्ती ते शेजारच्या जंतूंना देतात, जात वेगळी असली तरी. म्हटलं, म्हणजे आपल्या गावापेक्षा सुधारलेले. हसली नाही.

१८ मे
बायकोला, केसरला, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. हिनं जन्मात गोळी घेतली नाही, काढे पिते. मूर्खपणा, पण आता फायद्याचा. कोऱ्या शरीरावर औषध झटकन लागतं. सिप्रो सुरू. उद्या उठेल.

२० मे
उठली नाही. कंपनीचा माल खराब. जास्त ताकदीची गोळी सुरू केली. खुशबू सारखी डॉक्टर, डॉक्टर करते. मेडिकलवाल्याची बायको दवाखान्यात नेली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

२२ मे, चंद्रपूर
केसर तापात बरळायला लागली. जीप करून आणली. डॉक्टर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणतो, इन्फेक्शन किडनीत गेलं. लघवी तपासायला पाठवली.

२५ मे
रिपोर्ट : माझ्या दुकानातली एकही गोळी या जंतूंवर चालत नाही. इंजेक्शनं तेवढी उरली. म्हटलं, रिपोर्ट चूक. हिनं औषध घेतलंच कधी? डॉक्टरनं विचारलं, घरात कोण घेतं? खुशबूनं माझ्याकडे पाहिलं. जंतू म्हणे हातांवरून, पाण्यातून घरभर फिरतात. माझीही शौचाची तपासणी मागितली. खुशाल दिली. इतकं स्वच्छ पोट जिल्ह्यात नसेल.

२८ मे
माझ्या पोटात तेच जंतू. त्यांच्यापुढे त्याच गोळ्या फुकट.
केसरचा ताप जरा उतरला. खुशबूकडून सगळं ऐकून घेतलं तिनं. मग मला म्हणाली, इतक्या वर्षांत मले एक सोन्याची पोत नाई देल्ली तुमी. देल्लं तं हे देल्लं.
पाणी द्यायला उठलो, तर म्हणाली, पहिले हात धुऊन या.