मातीच्या भिंतीला हात लावू नये

शुक्र. १६ मे ८६
उद्या इथल्या मराठी मंडळाची सहल. टूसॉनच्या जुन्या वस्तीची गाइडेड टूर, आठ ते चार. मे महिन्यात, या उन्हात. आयडिया डॉ. सबनीसांची. हार्टचे डॉक्टर, मंडळात त्यांचा शब्द खाली पडत नाही.
अण्णांना बार्शीहून अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले. एसीत बसून माणूस आंबलाय. नीलाची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणाली, "वडिलांना घेऊन जा, घरात कोंडू नकोस." मला न्यायचं नव्हतं. कारण इथे लिहायला हरकत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका पार्टीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? तोंडातून निघालं, बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. मग तेच चिकटलं. अण्णा गवंडी. आयुष्यभर लोकांची माळवदं नि भिंती केल्या, त्यावर मी इंजिनियर झालो.

शनि. १७
डोकं फिरलंय. क्रमाने लिहितो.
नऊ जण, एक व्हॅन. गाइड बार्बरा, मोठी हॅट, हातात कर्णा. सकाळी दहालाच शंभर फॅरनहाइटवर पारा. गल्लीत रस्त्याला लागून मातीची घरं, निळी-गुलाबी दारं. बाई प्रत्येक भिंतीपुढे थांबून आरती ओवाळत होती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, काय हे पूर्वजांचं शहाणपण वगैरे. डॉ. स. वहीत टिपून घेत होते. यांच्या पुण्यापासून सव्वाशे मैलांवर, बार्शीकडे हेच आहे, तिकडे ढुंकून पाहिलं नसेल. अर्धी वस्ती पाडून तिथे मोठी सरकारी इमारत उभी केली, ते बाईने एका वाक्यात उरकलं.
एका घराशी अण्णा मागे राहिले. बोटाच्या पेराने भिंत वाजवत होते. मी म्हटलं, चला. तर म्हणाले, "आरं, मातीला सिमिट फासलंय कुणी. पाणी आत कोंडलंय, भिंत खालनं इरघळायली." आणि अंगठ्याने दाबलं. परातीएवढा पापुद्रा खाली.
बार्बरा धावत आली. "सर! डोंट टच द वॉल! दिस इज हिस्टॉरिक!" लहान मुलाला रागवावं तसं, सगळ्यांसमोर. मातीचं एवढं कौतुक, आणि माती कळणारा एकच माणूस तिथे होता, त्याने हात लावायचा नाही.
पण खरं ते पुढेच. डॉ. स. मध्यस्थीला आले. मराठीत, मोठ्याने. "अण्णा, तुम्ही एवढे कॉन्ट्रॅक्टर, तुम्हाला कळायला हवं."
अण्णा म्हणाले, "कंत्राटदार? मी गवंडी हाय. चाळीस वर्सं थापी धरली."
सगळे माझ्याकडे. आणि मी हसलो. म्हणालो, "अण्णांना थट्टेची सवय आहे."
हे मी म्हणालो. सबनीसांवर चिडून, बार्बरावर चिडून काय उपयोग.
अण्णा जेवायला आले नाहीत. त्या घरासमोरच्या झाडाखाली बसून राहिले. आम्ही परतलो तर त्या घरातली म्हातारी त्यांना पाणी देत होती. ती स्पॅनिशमध्ये, हे बार्शीच्या मराठीत, दोघं भिंतीकडे हात करून जोरात बोलत होते. ती अजिबात चिडलेली नव्हती.

रवि. १८
अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. चहा घेतला, कप स्वतः विसळला. दुपारी नीलाला विचारलं, परतीचं तिकीट अलीकडे येतं का. मी तिथेच होतो.

मंगळ. २०
ऑफिसातून आलो तर अण्णा घरी नाहीत. नीला शांतपणे म्हणाली, "त्या आजींचा पुतण्या पिकअप घेऊन आला होता. गेले." त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी आम्हीच ठेवलेली, हरवले तर म्हणून. तीच त्यांनी आजींना दाखवली असणार.
सहाला आले. पोटरीपर्यंत चिखल. मी बोललो, बरंच बोललो. व्हिजिटर व्हिसा, उन्हाचा झटका, सत्तरी, शेजारी काय म्हणतील.
अण्णा नीलाला म्हणाले, "सूनबाई, मातीत कालवाया गव्हाचं भूस मिळालं हितं. घोड्याची लीद बी." आणि आंघोळीला गेले.
शेजारी काय म्हणतील. अमेरिकेत येऊन हेच वाक्य राहिलं होतं म्हणायचं.

बुध. २१
डॉ. स. चा फोन. "वडील कसे आहेत? गमतीशीर आहेत हं." सांगून टाकायचं होतं. "ठीक आहेत" म्हणालो. फोन आपटला, तोही त्यांनी पलीकडून ठेवल्यावर. इतका भित्रा संताप फक्त माझाच असेल.

गुरु. २२
आज त्या पुतण्याची पिकअप बिघडली. अण्णा दारात उभे, नीलाला म्हणाले, "कुणी सोडील का मला?" ती नाइट करून आलेली. कुणी म्हणजे मीच. मागच्या सीटवर बसले, घमेलं मांडीवर.
म्हातारी दारातच होती. जुनं सिमेंट सगळं खरवडून काढलेलं, खालची बाजू नव्याने बांधून वर मातीचा गिलावा चाललेला. मी बोट फिरवलं. एक रेघ वाकडी नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांना खुणेने विचारलं, हा कोण?
अण्णांनी पिशवीतून थापी काढली. पदराला बांधल्यासारखे चार इंग्रजी शब्द आहेत त्यांच्याकडे, त्यातला एक दिला.
"ड्रायव्हर."
ती हसून मान डोलावून आत गेली. "सन" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मला राग आला, भयंकर. कोणत्या तोंडाने आला, कोण जाणे. अण्णा पाठ फिरवून चिखल तुडवायला लागले होते.
चारला आणायला गेलो. परत मागेच बसले. घरी उतरताना म्हणाले, "उद्या सातला निघायचं."
उद्या साडेसातला रिव्ह्यू मीटिंग आहे. ऑफिसात अजून काही कळवलेलं नाही.